अंदमानची कॅटामरान: बोट न लागू देता हॅवलॉक गाठायचं कसं

आमच्या आईला घाटात एसटी लागते आणि गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचही लागते. तिला घेऊन मी दोनदा पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला गेलो. पहिल्या खेपेला तिचा अख्खा दीड तास कागदी पिशवीत तोंड घालून गेला. दुसऱ्या खेपेला तीच आई खिडकीतून उडणारे मासे मोजत होती. बोट तशीच होती, महिनाही डिसेंबरचाच. फरक पडला तो निवडलेल्या वेळेमुळे, खुर्चीमुळे आणि पोटात काय होतं त्यामुळे. त्या दोन खेपांत आणि पुढे नातेवाइकांच्या सहली आखून देताना जे कळलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी नावांचं. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम झालं. हॅवलॉक आणि नील हे १८५७चा उठाव चिरडणारे इंग्रज सेनानी होते, त्यामुळे ती नावं गेली हे मला मनापासून पटतं. पण तिकिटांवर, पाट्यांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून दोन्ही नावं चालतात. शोधताना गोंधळ नको म्हणून खाली जुनीच वापरतो.

पहिली पायरी: बोट ओळखून घ्या

टूरवाले या कॅटामरानला 'क्रूझ' म्हणतात आणि तिथूनच गैरसमज सुरू होतो. खोल्या, गच्ची, संध्याकाळचं गाणं असलं काही नसतं. विमानासारख्या रांगेत मांडलेल्या खुर्च्या, बंद काचा, गारठवणारा एसी, खाली एक मजला आणि वर एक. ही प्रवासी फेरी आहे, फक्त वेगवान. मक्रुझ आणि नॉटिका ही या मार्गावरची ठळक नावं. साध्या सरकारी फेरीला हॅवलॉकपर्यंत अडीच तासांच्या आसपास लागतात, कॅटामरान साधारण दीड तासात पोचते.

'कॅटामरान' हा शब्द आपल्याच देशातला. तमिळमध्ये 'कट्टुमरम' म्हणजे बांधलेलं लाकूड. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचे कोळी ओंडके दोरीने एकत्र आवळून त्यावर समुद्रात जात, त्याचं हे नाव. पुढे इंग्रजांनी ते उचललं आणि हळूहळू दोन पोटांच्या, म्हणजे पाण्यात दोन वेगळे तळ असलेल्या बोटीला लावलं. नव्वदच्या दशकात दमानियांची कॅटामरान मुंबई–गोवा धावायची, तेव्हा हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. माझ्या पिढीतल्या अनेकांनी तो तिथेच पहिल्यांदा ऐकला.

दोन पोटं कशासाठी, हे समजलं तर खुर्ची निवडणं सोपं जातं. कुठलीही नौका पुढे जाताना पाणी ढकलते आणि स्वतःभोवती लाट उठवते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते. एक वेळ अशी येते की लाट नौकेइतकी लांब होते आणि नौका आपल्याच लाटेचा चढ चढत बसते. पाण्यात ३० मीटर लांब असलेल्या साध्या रुंद नौकेची ही मर्यादा साधारण १३ नॉटला येते. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.) त्यापुढे इंजिन कितीही मोठं बसवलं तरी डिझेल जळतं आणि वेग फारसा वाढत नाही. नौका सुरीसारखी अरुंद केली तर लाट फार उठत नाही, पण अरुंद नौका उलटायला वेळ लागत नाही. म्हणून दोन अरुंद पोटं एकमेकांपासून दूर ठेवायची आणि वर एकच मजला बांधायचा. अंग अॅल्युमिनियमचं, म्हणजे हलकं. अशा अनेक बोटींना मागे पंख्याऐवजी वॉटरजेट असतो, जो तळातून पाणी ओढून मागे जोरात फेकतो. एवढ्या सगळ्याच्या जोरावर ही बोट वीस नॉटच्या पुढे, म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटरने जाते.

आता पोटाशी संबंधित भाग. लाँच जशी डावी-उजवीकडे सावकाश झुलते, तशी कॅटामरान झुलत नाही. दोन पोटांमुळे ती ताठ राहते. पण कललीच तर चटकन सरळ होते आणि तो हिसका बसतो. समोरून लाट आली की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलली जाते आणि खाली आपटते. दोन पोटांच्या मधल्या पोकळीत पाणी वर येऊन मजल्याच्या तळावर आदळतं, तेव्हा 'धाड' असा आवाज होतो. आई पहिल्या वेळी या आवाजानेच निम्मी घाबरली होती. बोट फुटल्याचा तो आवाज नसतो, लाटा असल्या की तो येतोच. सगळ्यात वाईट हालचाल तिरकी: लाट मागून आडवी आली की एक पोट आधी उचललं जातं, दुसरं नंतर, आणि बोट स्क्रू फिरवल्यासारखी पिळवटते.

दुसरी पायरी: तारखा समुद्राला विचारून ठरवा

माझं सगळ्यात ठाम मत याच बाबतीत आहे. हॉटेल नंतर, विमान नंतर, आधी दिवसांची मांडणी.

पोर्ट ब्लेअर दक्षिण अंदमानच्या पूर्व किनाऱ्यावर आहे आणि हॅवलॉक त्याच्या ईशान्येला. जून ते सप्टेंबरचा नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिमेकडून येतो, त्या वेळी मुख्य बेटांची रांग या मार्गाला थोडी आड देते. तरी पाऊस आणि खवळलेला समुद्र असतोच, तेव्हा त्या महिन्यांत वयस्कर माणसांना नेऊ नये. ऑक्टोबरपासून वारा ईशान्येचा होतो. म्हणजे हॅवलॉकला जाताना तो थेट नाकावर येतो आणि मध्ये आडोसा नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही काळ. दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवायला हवं. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत समुद्र सहसा सगळ्यात शांत मिळतो. मुलांच्या परीक्षांमुळे आपल्याला नेमके तेच महिने जमत नाहीत, याची मला कल्पना आहे. पण आजी-आजोबांना घेऊन जायचं असेल तर फेब्रुवारीसाठी धडपड करा.

दिवस किती? बेटांवर तीन रात्री आणि परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरमध्ये किमान एक अख्खी रात्र. आमच्या पहिल्या खेपेला एजंटने हॅवलॉकहून येणारी बोट आणि दुपारचं विमान एकाच दिवशी घातलं होतं. कागदावर चार तास मधे होते. त्या दिवशी समुद्र खवळला, सकाळच्या फेऱ्या थांबल्या आणि आम्ही धक्क्यावर उभं राहून विमान उडालेलं मनातल्या मनात पाहिलं. नवी तिकिटं काढायला जेवढे पैसे गेले, तेवढ्यात चौघांची आणखी एक रात्र आरामात झाली असती.

मी आता मांडणी अशी करतो. पहिल्या दिवशी उतरल्यावर सेल्युलर जेल. मराठी माणूस अंदमानला जातो तो बहुधा बाबाराव आणि तात्याराव सावरकरांची कोठडी पाहायला, आणि समुद्राने पुढचा बेत मोडला तरी ते राहून जायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉक, तिथे दोन रात्री. चौथ्या दिवशी नील, एक रात्र. हॅवलॉक–नील अंतर थोडं आहे, पाऊण ते एक तास. पाचव्या दिवशी नीलहून परत. सहावा दिवस राखीव, बोट रद्द झाली तर तिच्यासाठी, नाही तर पोर्ट ब्लेअरजवळच्या रॉस बेटासाठी. सातव्या दिवशी विमान. नीलला एकाच दिवसात जाऊन यायचे बेत मिळतात, ते टाळा. बोटीत चढणं-उतरणं जितकं कमी, तितकं पोट सुखी.

स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर राखीव दिवसाचा दुहेरी उपयोग होतो. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसणं धोक्याचं असतं, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो. एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त केल्या असतील तर १८ तास जाऊ द्यायचे असतात. बोटीला ही अट नाही, ती समुद्रसपाटीवरच चालते.

तिसरी पायरी: बुकिंग, आणि त्यात खुर्ची

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि दिवाळीनंतरचा आठवडा असेल तर दोन-अडीच महिने आधी तिकीट काढा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. आजीचं नाव आधारवर एक आणि तिकिटावर दुसरं, असला घोळ धक्क्यावर निस्तरताना घाम फुटतो. हवामानामुळे कंपनीनेच फेरी रद्द केली तर पैसे कसे परत मिळतात आणि तुम्ही रद्द केली तर किती कापले जातात, हे पैसे भरायच्या आधी वाचा.

वेळ सकाळचीच घ्या. जमीन तापली की वारा वाढतो आणि दुपारनंतर पाणी जास्त हलतं. शिवाय सकाळची फेरी रद्द झाली तर दुपारची तरी हाताशी असते. अंदमान पूर्वेला असल्यामुळे घड्याळ मुंबईचं असलं तरी सूर्य फार लवकर उगवतो. थंडीत संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधारून येतं. पहाटे उठायचा कंटाळा असेल तर हे सांगून ठेवा: साडेपाचला तिथे उजाडलेलं असतं.

खुर्चीसाठी बागेतला सी-सॉ आठवा. मध्ये बसलेला जवळजवळ हलत नाही, टोकावरचा वर-खाली होतो. बोटही तशीच डुलते. म्हणून बोट लागणाऱ्या माणसासाठी खालचा मजला, लांबीच्या मध्यावर किंवा त्याहून किंचित मागे, आणि रुंदीतही मधल्या रांगेकडे. पुढच्या रांगेतून काचेबाहेरचं दृश्य छान दिसतं, म्हणून लोक हौसेने तिथल्या खुर्च्या घेतात आणि सगळ्यात जास्त उचल-आपट तिथेच सोसतात. वरच्या मजल्याचं महागडं तिकीट आईवडिलांना मान म्हणून काढू नका. उंची वाढली की हेलकावा वाढतो. आम्ही पहिल्यांदा नेमकी हीच चूक केली होती. वर, पुढे आणि खिडकीपाशी.

सरकारी फेरी हा खरा पर्याय आहे. ती पोर्ट ब्लेअरला फिनिक्स बे धक्क्यावरून सुटते, तिकीट बरंच स्वस्त असतं, आणि तिच्या उघड्या डेकवर उभं राहून वारा अंगावर घेता येतो. काही जणांना बंद एसी केबिनपेक्षा हे जास्त मानवतं. माझा मेहुणा मुद्दाम सरकारीनेच जातो. मात्र बेटांवर राहणाऱ्यांसाठी ती रोजची गरज आहे, आणि हंगामात जागा मिळणं कठीण.

चौथी पायरी: आदला दिवस

हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज देते आणि त्यात अंदमानसाठी लाटांची उंचीही असते. आदल्या संध्याकाळी तो पाहा. तिथे दिलेली उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी सुटी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. एक मीटरच्या आत असेल तर निवांत झोपा. दीडच्या पुढे असेल तर सगळ्यांना गोळी द्या, अगदी 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्यालाही. दोनच्या पुढे असेल तर फेरी रद्द होऊ शकते, त्या तयारीने हॉटेलवाल्याशी बोलून ठेवा.

गोळ्यांबद्दल मी डॉक्टर नाही, पण आमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. सिनारिझिनची गोळी प्रवासाच्या दोन तास आधी घ्यायची असते. अव्होमिन म्हणून मिळणारी प्रोमेथाझिनची गोळीही आधीच घ्यावी लागते. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही, म्हणून धक्क्यावर पोचून घेतलेली गोळी निम्मी वाया. दोन्ही गोळ्यांनी झोप येते. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, गरोदरपण, लहान मुलं, यांच्या बाबतीत आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका. त्या दिवशी दारू नको. त्याच दिवशी डायव्हिंग करणार असाल तर झोप आणणारी गोळी घेतली आहे हे शिकवणाऱ्याला आधी सांगा.

जेवण रात्री साधं आणि लवकर. मासळीचं तिखट जेवण हॅवलॉकला पोचल्यावर खा, तिथे ते चांगलं मिळतं. सकाळी उपाशी पोटी निघणं आणि पुरी-भाजी दाबून निघणं, दोन्ही सारखंच वाईट. एक केळं, दोन सुक्या चपात्या किंवा राजगिऱ्याचा लाडू, थोडं पाणी. आलेपाकाची वडी महाराष्ट्रातूनच बरोबर घ्या. आल्याचा मळमळीवर उपयोग होतो, आणि एरवी गोळी टाळणारी माणसं वडी आनंदाने चघळतात.

तिकीट कागदावर छापून ठेवा. १० ऑगस्ट २०२० पासून चेन्नईहून आलेल्या समुद्राखालच्या केबलमुळे बेटांवर इंटरनेट पुष्कळ सुधारलं आहे. तरी धक्क्यावर ऐन वेळी फोनवर तिकीट उघडत नाही, असं मी दोनदा पाहिलं आहे.

पाचवी पायरी: धक्क्यावर

खासगी बोटी बहुतेक हॅडो धक्क्यावरून सुटतात. रिक्षावाल्याला नुसतं 'जेट्टी' सांगितलं तर तो फिनिक्स बेला नेऊन सोडू शकतो, म्हणून तिकिटावरचं नाव वाचून दाखवा. सुटण्याच्या तासभर आधी पोचा. मूळ ओळखपत्रं आणि सामानाची तपासणी असते. मोठ्या बॅगा खलाशी एका जागी रचतात आणि प्रवासात त्यांच्यापाशी जाता येत नाही. म्हणून हातातल्या पिशवीत औषधं, पाणी, आईसाठी शाल, मुलांसाठी एक जादा कपड्यांचा जोड आणि प्लॅस्टिकच्या चार-पाच पिशव्या.

चढताना घाई नको. भरती-ओहोटीप्रमाणे बोट धक्क्याच्या वर-खाली असते, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तर फळीचा उतार चांगलाच तीव्र होतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आधी खलाशाला सांगून थांबवा, दोन्ही हात मोकळे करा, आणि बोट वर येते त्या क्षणी पाऊल टाकायला सांगा. बोट आणि धक्क्याच्या फटीत हात किंवा पाय कधीही नाही. मुलांना कडेवर घेऊन फळी ओलांडू नका, ते काम खलाशी रोज करतात, त्यांच्याकडे द्या.

सहावी पायरी: बसल्यावर

बसल्या बसल्या लाइफजॅकेट कुठे आहे ते हाताने चाचपून पाहा आणि जवळचं दार शोधा. २६ जानेवारी २०१४ रोजी याच पोर्ट ब्लेअरजवळ, रॉस बेटाच्या परिसरात, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली अॅक्वा मरीन ही पर्यटक बोट उलटून २१ जण गेले. ती कॅटामरान नव्हती, लहान बोट होती. मोठ्या फेरीवर खुर्चीइतकेच प्रवासी घेतात आणि सूचनाही देतात. त्या सूचना चालू असताना फोनमध्ये मान घालणारे बघितले की मला राग येतो. दोन मिनिटं ऐका. उतरल्यावर एलिफंट बीचला नेणाऱ्या छोट्या बोटीत तर जॅकेट बांधल्याशिवाय बसूच नका, आणि बोट खचाखच भरत असेल तर सरळ उतरा.

बोट का लागते? कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो 'हलतोय', आणि डोळ्यांसमोर असते न हलणारी खुर्चीची पाठ. दोघांचं जुळत नाही आणि पोट ढवळतं. दर पाचेक सेकंदांनी एकदा वर-खाली होणारा संथ हेलकावा सगळ्यात त्रासाचा. म्हणून मळमळायला लागलं की फोन खाली, पुस्तक बंद, नजर काचेतून दूर क्षितिजावर. काच खाऱ्या पाण्याने धूसर झाली असेल तर डोळे मिटून डोकं मागे टेकवून स्थिर ठेवा. लहान मुलांना मोबाइलवर कार्टून लावून दिलं तर ती दहा मिनिटं गप्प बसतात आणि अकराव्या मिनिटाला ओकतात. त्यापेक्षा उडणारे मासे शोधायला लावा, ते खरोखर दिसतात. बोटीच्या नाळेपासून घाबरून पाण्याबाहेर येतात आणि पंख पसरून बरंच लांब तरंगत जातात.

उलटी झालीच तर लाजायचं काही नाही. खलाशी पिशव्या घेऊन फिरतच असतात. उठून स्वच्छतागृहाकडे धावू नका; चालत्या बोटीत पडून हात मोडण्याचा धोका उलटीपेक्षा मोठा. थोडं थोडं पाणी, एक आलेपाकाची वडी, आणि शेजाऱ्याने शांतपणे पाठीवरून हात फिरवणं. आईला सगळ्यात जास्त आधार मी 'अजून वीस मिनिटं' असं खरं सांगत राहिल्याचा झाला. 'आलंच आता' असं खोटं सांगू नका.

फेरी रद्द झाली तर

रद्द करायचा निर्णय हवामान बघून घेतला जातो, काउंटरवरच्या मुलाशी भांडून तो फिरत नाही. कुटुंबातल्या एकाने रांगेत उभं राहून पुढच्या फेरीत नावं लावावीत, दुसऱ्याने त्याच वेळी हॉटेलला फोन करून खोली धरून ठेवावी, तिसऱ्याने सरकारी फेरीची चौकशी करावी. पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या दिवशीची जागा, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. जागा घ्या. पैसे घेऊन दुसरी बोट शोधणारे शंभरजण त्या वेळी तुमच्यासारखेच फिरत असतात.

परतताना

येताना ईशान्येचा वारा पाठीशी असतो, त्यामुळे आपटणं कमी आणि ते तिरकं पिळवटणं जास्त. जाताना काही झालं नाही म्हणून येताना गोळी चुकवणारे इथे फसतात. उतरल्यावर काही तास जमीन हलल्यासारखी वाटते, अंघोळ करताना डोळे मिटले की विशेष. ते आपोआप जातं. दोन-तीन दिवसांनंतरही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

ज्यांना बोट लागत नाही त्यांनी परतीला डावीकडची खिडकी घ्यावी. बंदरात शिरताना उजवीकडे नॉर्थ बेचं दीपगृह येतं. डावीकडे आधी रॉस बेट जातं आणि मग अटलांटा पॉइंटवर सेल्युलर जेल दिसतो. पहिल्या दिवशी आपण तो आतून पाहिलेला असतो. पाण्यावरून तो कैद्यांना घेऊन येणाऱ्या जहाजातून दिसायचा तसा दिसतो. आमच्या आईने दुसऱ्या खेपेला तिथे खुर्चीतूनच हात जोडले.